‘तथ्य नाही’चा रकाना

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात टेम्स नदीकाठी लंडन नावाचं एक शहर आहे. 2016 च्या जनगणनेत इथली वस्ती पावणेचार लाखांच्या थोडी वर भरली. चोऱ्या ढीगभर, खून मोजके, अशी इथल्या गुन्ह्यांची जातवारी मध्यम शहराला साजेशीच. तरी फेब्रुवारी 2017 मध्ये हे शहर देशभर गाजलं, तेही गुन्ह्यांतून वजा केलेल्या तक्रारींमुळे.

या वजाबाकीची गोष्ट जुनी आहे. 1962 पासून कॅनडातली पोलीस दलं एकाच ठरीव नमुन्यात आपले आकडे केंद्रीय सांख्यिकी खात्याकडे धाडू लागली. दर गुन्ह्यासमोर पहिला रकाना आलेल्या तक्रारींचा, दुसरा ‘अनफाउंडेड’ म्हणजे तथ्य नसलेल्यांचा; पहिल्यातून दुसरा गेला की उरले ते प्रत्यक्ष गुन्हे. शिवाय एका घटनेत अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढाच तक्त्यात धरायचा. घर फोडून आतल्या माणसाला धाकानं लुटलं, तर तक्त्यात लूट दिसणार, घरफोडी गडप. 1988 पासून एकेका घटनेचा तपशील नोंदवायची नवी पद्धत आली. तीत एका घटनेचे चार गुन्हे टिपायची सोय झाली खरी, पण ठळक आकड्यांचा हिशेब जुन्याच चालीनं चालू राहिला.

रकाने बदलले की इतिहासही तुटतो. 1983 मध्ये कॅनडाच्या कायद्यातून ‘बलात्कार’ हा गुन्हा गेला आणि त्या जागी तीन पायऱ्यांचा ‘लैंगिक हल्ला’ आला. त्याआधीची आणि नंतरची ओळ सरळ जोडता येत नाही.

2017 मध्ये ‘ग्लोब अँड मेल’ या दैनिकाच्या पत्रकार रॉबिन डूलिटल यांनी वीस महिने खपून 870 हून अधिक पोलीस क्षेत्रांतून तो दुसरा रकाना गोळा केला. दलादलांत एकवाक्यता नाही म्हणून सांख्यिकी खात्यानं तो छापणंच बंद केलं होतं. देशभरात लैंगिक हल्ल्याच्या 19 टक्के तक्रारी त्यात टाकल्या गेल्या होत्या; मारहाणीच्या तक्रारींच्या जवळपास दुप्पट. टोरांटोत 7 टक्के, विनिपेगमध्ये 2 आणि लंडनमध्ये 30! लंडनच्या बायका विनिपेगच्या बायकांपेक्षा पंधरापट खोटारड्या, असं तर कुणी म्हणू धजणार नव्हतं. घडलंच नाही अशी खात्री असेल तरच वापरायचा शेरा पुरावा तोकडा पडला, तक्रारदार मागे हटली, अशा प्रकरणांवरही बसत होता.

काही दिवसांतच लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पीडितांची जाहीर माफी मागितली. पुढे जुन्या फायली बाहेरच्या नजरेखाली आल्या: पीडितांसोबत काम करणाऱ्या स्त्रिया पोलिसांशेजारी बसून त्या वाचू लागल्या. ही रीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. तिथल्या पोलिसांनी बलात्काराच्या तक्रारी ‘2701’ या बिनगुन्ह्याच्या संकेतांकाखाली दडवल्याचं 1999 मध्ये एका वृत्तपत्रानं उघड केल्यावर ती सुरू झाली होती.

2018 मध्ये सांख्यिकी खात्यानं व्याख्याच फिरवली. घटना घडली नाही असा ठोस पुरावा नसेल, तर तक्रार प्रत्यक्ष गुन्ह्यांतच राहणार. त्याआधी, ऑक्टोबर 2017 पासून, ‘मी टू’च्या लाटेत पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारीही वाढल्या होत्या. म्हणून 2016 आणि 2019 चे तक्ते शेजारी मांडून ‘लैंगिक गुन्हे वाढले’ असा मथळा देऊ पाहणाऱ्याला आधी त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या टिपा वाचाव्या लागतात.