स्वस्तातली टेलिफोटो झूम लेन्स घेताय? आकड्यांआधी नावातली अक्षरं वाचा!

कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ ची लेन्स घेऊन आपण पहिल्यांदा पक्षी टिपायला जातो. घरी येऊन फोटो दाखवायला बसतो, तर पक्षी नेमका कुठे आहे हे स्क्रीनवर बोट ठेवून सांगावं लागतं! मग टेलिफोटो लेन्सचा शोध सुरू होतो. कॅमेरा कंपनीच्या मोठ्या लेन्सची किंमत बघून डोळे पांढरे होतात आणि नजर वळते टॅमरॉन, सिग्मा यांसारख्या ‘थर्ड पार्टी’ कंपन्यांकडे.

इथेच अनेकांचे पैसे वाया जातात. लेन्स वाईट असते म्हणून नव्हे, तर आपण फक्त ‘३००’ किंवा ‘६००’ हा आकडा बघतो आणि त्याच्या पुढची दोन-तीन अक्षरं वाचत नाही म्हणून. त्या अक्षरांत काय दडलेलं असतं ते समजून घेऊया.

थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट नव्हे

कॅनन, निकॉन, सोनी यांच्या कॅमेऱ्यांना बसतील अशा लेन्स बनवणाऱ्या वेगळ्या कंपन्या म्हणजे थर्ड पार्टी. टॅमरॉनची सुरुवात १९५० ची, सिग्माची १९६१ ची, आणि दोन्ही जपानी. म्हणजे हा काही नकली माल नाही.

मग या लेन्स स्वस्त का पडतात? एक कारण म्हणजे एकच रचना वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठी विकता येते. दुसरं कारण अ‍ॅपर्चर. सिग्माच्या २०१४ च्या १५०-६०० मिमी ‘कंटेम्पररी’ लेन्सचं ६०० मिमीला सर्वात मोठं अ‍ॅपर्चर एफ/६.३ आहे. ६०० ला ६.३ ने भागलं की साधारण ९५ मिमी येतात आणि या लेन्सला फिल्टरही ९५ मिमीचाच लागतो. हीच लेन्स एफ/४ ची करायची तर पुढे १५० मिमी रुंद काच हवी! काच मोठी झाली की वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. थोडक्यात, स्वस्त टेलिफोटोत आपण जे वाचवतो त्याचा मोबदला प्रकाशात मोजतो.

आकडा एकच, लेन्स दोन

टॅमरॉनच्या डीएसएलआरसाठीच्या दोन जुन्या लेन्स बघा. सेकंडहँड बाजारात त्या अजूनही दिसतात. दोन्ही ७०-३०० मिमी, दोन्ही एफ/४-५.६, दोघींना फिल्टर ६२ मिमीचाच. पण एकीच्या नावात ‘एलडी मॅक्रो’ आहे आणि दुसरीच्या नावात ‘व्हीसी यूएसडी’. दुसरी २०१० मध्ये कंपनीच्या साठाव्या वर्षानिमित्त आली. तिची किंमत पहिलीच्या साधारण दुप्पट ते तिप्पट.

का? ‘व्हीसी’ म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा. ‘यूएसडी’ म्हणजे फोकससाठी लेन्समध्येच बसवलेली वेगवान, शांत मोटर. पहिल्या लेन्समध्ये स्थिरीकरण नाही आणि तिचा फोकस संथ आहे. पण तिचं वजन अर्धा किलोच्या आत आहे (दुसरीचं ७६५ ग्रॅम) आणि १८० ते ३०० मिमीमध्ये ती फुलं-कीटक प्रत्यक्षाच्या निम्म्या आकारात सेन्सरवर घेते. फुलपाखरांसाठी ती छान. उडत्या पक्ष्यासाठी घेतली तर पश्चात्ताप ठरलेला.

दुकानात दिसणारी अक्षरं थोडक्यात अशी:

- स्थिरीकरण: टॅमरॉन ‘व्हीसी’, सिग्मा ‘ओएस’, निकॉन ‘व्हीआर’, कॅनन ‘आयएस’, सोनी ‘ओएसएस’.
- फोकसची मोटर: टॅमरॉन ‘यूएसडी’, सिग्मा ‘एचएसएम’, मिररलेससाठीच्या टॅमरॉनमध्ये ‘आरएक्सडी’ किंवा ‘व्हीएक्सडी’.
- मिररलेस कॅमेऱ्यासाठी खास बनवलेली: टॅमरॉन ‘डीआय थ्री’, सिग्मा ‘डीएन’.

स्थिरीकरण खरंच लागतं का?

जुना ठोकताळा असा की हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग फोकल लेंथच्या आकड्याइतका तरी हवा. निकॉन-सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात ३०० मिमीची लेन्स ४५० मिमीसारखी वागते, कॅननमध्ये ४८० सारखी. म्हणजे शटर किमान १/५०० सेकंद. भर उन्हात हे सहज जमतं. पण पहाटेच्या उजेडात, त्यात एफ/५.६ किंवा ६.३ ची लेन्स असेल, तर आयएसओ चढवावा लागतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात. फांदीवर शांत बसलेल्या पक्ष्याला स्थिरीकरण असेल तर १/१२५ वरही टिपता येतं.

एक लक्षात ठेवा, स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, पक्ष्याचे पंख नाही. उडत्या पक्ष्याला १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागतंच. मात्र तेव्हाही व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य स्थिर राहिल्यामुळे पक्षी फ्रेममध्ये ठेवणं सोपं जातं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून फोटो काढणाऱ्यांना हे पटेल. डुलत्या होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नसतो.

आधी स्वतःचा कॅमेरा ओळखा

तीच लेन्स एका कॅमेऱ्यावर उत्तम आणि दुसऱ्यावर निकामी ठरू शकते.

*निकॉन डीएसएलआर:* डी३५००, डी५६०० यांसारख्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही. मोटर लेन्समध्येच हवी, नाहीतर फोकस हाताने फिरवत बसा. वर सांगितलेल्या टॅमरॉन ‘एलडी मॅक्रो’ची निकॉन आवृत्ती मोटरसह आणि मोटरशिवाय अशा दोन्ही रूपांत आली होती. सेकंडहँड घेताना हे विचाराच.

*सोनी मिररलेस:* सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची मूलभूत माहिती इतर कंपन्यांना खुली केली, त्यामुळे इथे पर्याय भरपूर आहेत. टॅमरॉनची २०२० ची ७०-३०० ‘डीआय थ्री आरएक्सडी’ फक्त ५४५ ग्रॅमची आहे, पण तिच्यात ‘व्हीसी’ नाही. ए७ मालिकेच्या दुसऱ्या पिढीपासून पुढच्या कॅमेऱ्यांत बॉडीतच स्थिरीकरण असल्याने तिथे फारसं अडत नाही. ए६०००, ए६४०० मध्ये मात्र ते नाही, म्हणजे लेन्समध्येही नाही आणि बॉडीतही नाही!

*निकॉन मिररलेस:* हीच लेन्स २०२२ मध्ये झेड माउंटसाठी आली. झेड५, झेड६ च्या बॉडीत स्थिरीकरण आहे. झेड३०, झेड५० मध्ये नाही.

*कॅनन मिररलेस:* आरएफ माउंटवर बराच काळ कॅननने ऑटोफोकसच्या थर्ड पार्टी लेन्सना दार बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने परवान्यासह लेन्स जाहीर केल्या, त्याही एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठीच्या. टेलिफोटो हवी असेल तर डीएसएलआरची ईएफ माउंट लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून वापरणं हा अनेकांचा मार्ग आहे.

३०० पुरेल की ६०० लागेल?

याचं उत्तर साध्या गणितात आहे. प्राण्याचा आकार गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर.

छोटा खंड्या साधारण १६ सेंटिमीटरचा. तो १० मीटरवर बसला असेल तर ३०० मिमीची लेन्स त्याला सेन्सरवर सुमारे ५ मिमी लांब उमटवते. एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २४ मिमी, म्हणजे खंड्या फ्रेमच्या पाचव्या भागात. ६०० मिमीने तो जवळजवळ १० मिमी होतो.

आता सव्वा मीटर उंचीचा मोठा रोहित ४० मीटरवर उभा आहे असं समजा. ३०० मिमीनेच तो ९ मिमीहून जास्त उंच दिसतो. सेन्सरची उंची साधारण १६ मिमी, म्हणजे निम्म्याहून जास्त फ्रेम भरली! रोहित, हरणं, मैदानावरची मुलं यांना ३०० पुरतं. चिमुकले पक्षी हाच ध्यास असेल तरच ६०० चा विचार करा.

कारण ६०० सोबत वजन येतं. सिग्माची १५०-६०० ‘कंटेम्पररी’ १,९३० ग्रॅमची, तर तिची ‘स्पोर्ट्स’ बहीण २,८६० ग्रॅमची. पाच मिनिटं हातात धरून बघा, मग ठरवा. मधला मार्ग म्हणजे २०१७ मध्ये आलेल्या सिग्मा आणि टॅमरॉनच्या १००-४०० मिमी लेन्स. दोन्हींत स्थिरीकरण आहे आणि वजन सव्वा किलोच्या आत. टेलिकन्व्हर्टर लावून लांबी वाढवण्याच्या मोहात मात्र पडू नका. १.४ पटीचा कन्व्हर्टर एफ/६.३ चा जवळपास एफ/९ करतो आणि बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे चाचपडतो.

सेकंडहँड घेताना काय तपासाल?

- टॉर्चचा उजेड लेन्समधून आरपार पाडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ही भीती जास्त.
- लेन्स खाली तोंड करून धरा. झूम आपोआप घसरत असेल तर यंत्रणा सैल झाली आहे.
- आपल्याच कॅमेऱ्यावर लावून सर्वात लांब टोकाला, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि एफ/८ वर एकेक फोटो काढा. चारही कोपरे सारखे स्पष्ट हवेत.
- स्थिरीकरण चालू-बंद करून फरक दिसतो का ते बघा.

घेतल्यावर पावसाळ्यात लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढ्यावर काम भागतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

शेवटी निर्णय कसा घ्यायचा?

आधी कॅमेऱ्याचं मॉडेल, मग मोटर, मग स्थिरीकरण आणि शेवटी मिमीचा आकडा, या क्रमाने जा. कमी बजेट असेल तर कॅमेरा कंपनीच्या छोट्या लेन्सही बघा. कॅननची ईएफ-एस ५५-२५० ‘आयएस एसटीएम’ हलकी आहे आणि तिच्यात स्थिरीकरणही आहे. स्थिरीकरण नसलेल्या ३०० पेक्षा ती बहुतेकांना जास्त फोटो देईल. निर्णय होत नसेल तर पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. ताडोबाच्या सहलीला एक घेऊन जा, त्या दोन दिवसांत तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

तुमच्या ओळखीचं कुणी सध्या लेन्स शोधत असेल, तर पैसे भरण्याआधी हा लेख त्यांना नक्की पाठवा!