बातमीतला पहिला शब्द कोणाचा?

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉईड हा काळा माणूस गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. त्यानंतर मराठी वृत्तपत्रांत वर्णद्वेषावर लेख आले, अग्रलेख आले. ते मी वाचले आणि मला बरे वाटले. दूरच्या माणसाच्या मरणाने ज्याचे मन हलते त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एक प्रश्न मनातून जाईना. मिनियापोलिसचा वर्णद्वेष ज्यांना मुंबई-पुण्यात बसून लख्ख दिसतो, त्यांना आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला जातिद्वेष पाहताना चष्मा का शोधावा लागतो?

फ्लॉईडच्या मृत्यूचे पहिले पोलिसी पत्रक आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. पोलिसांशी आलेल्या संबंधात प्रकृतीच्या कारणाने एक इसम दगावला, एवढाच त्याचा मथितार्थ होता. गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. दार्नेला फ्रेझर या सतरा वर्षांच्या काळ्या मुलीने रस्त्यावर उभे राहून मोबाईलवर ते दृश्य टिपले नसते, तर जगाच्या दप्तरी तेच पत्रक इतिहास म्हणून राहिले असते. १९६८ सालीच अमेरिकेतील कर्नर आयोगाने बजावले होते की तिथली वृत्तपत्रे गोऱ्या माणसाच्या जागेवरून जग पाहतात. त्यानंतर पन्नास वर्षे उलटली, तरी सत्य सांगण्याचे काम एका मुलीलाच करावे लागले.

आता आपल्याकडे पाहू. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातील सोनईजवळ मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. पोलिसांकडची पहिली नोंद होती संडासाच्या टाकीत पडून झालेल्या अपघाती मृत्यूची! पाच वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, तेव्हा तो अपघात कसला होता ते कायद्याच्या भाषेत सिद्ध झाले. त्याआधी २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले, तेव्हाही सुरुवातीला 'अनैतिक संबंध' हाच शब्द फिरत होता. कार्यकर्ते गावात जाऊन आले, त्यांनी अहवाल लिहिले, आणि त्यानंतरच मोठ्या वृत्तपत्रांना जाग आली. तोवर कित्येक आठवडे उलटून गेले होते. मिनियापोलिसची 'प्रकृती', सोनईचा 'अपघात', खैरलांजीचे 'संबंध' हे शब्द वेगवेगळे असले तरी त्यांचे काम एकच आहे: मारणाऱ्याला बातमीतून बाहेर काढणे.

या जिल्ह्याचा वृत्तपत्रांशी संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरातच सुरू झाले. पुढे ते मुंबईला गेले. याच 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी होती, वय अवघे चौदाच्या आसपास. इमारतीच्या पायात गाडले जाणारे तिचे पूर्वज आणि डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणी तिने त्या निबंधात मांडल्या. हे कोणत्याही वार्ताहराने तिच्यासाठी लिहिलेले नव्हते, तिने स्वतः लिहिले होते.

मिशनऱ्यांनी ते का छापले, याविषयी मी भाबडा नाही. हिंदू धर्माचे वैगुण्य दाखवून धर्मप्रसार करणे हा त्यांचा हेतू होताच. पण त्यातून एक धडा मिळतो. परक्याच्या पत्रात आपला शब्द आला तर तो त्याच्या सोयीने येतो, मात्र तो आपल्या हाताने लिहिलेला असला तर सोय संपल्यावरही टिकतो. मिशनचे हेतू काळाआड गेले. मुक्ताचा निबंध आजही वाचला जातो.

बाबासाहेबांनी हा धडा पुरा ओळखला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू करताना त्यांनी स्वच्छ सांगितले की मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते. लगेच त्याचा पुरावाही मिळाला. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. विचार छापायला नकार देणे एक वेळ समजू शकते. पण असे पत्र निघत आहे, एवढी बातमीसुद्धा नको होती!

बाबासाहेबांचे डोळे मात्र जगाकडे उघडे होते. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. तीच वाट पुढे चालवत, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचून १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांसाठीही तसा विचार त्यांच्या मनात होता. जगाची बातमी हळहळण्यासाठी वाचायची नसते, ती आपल्या लढ्याला कामी लावायची असते, हे त्या पत्रातून शिकावे. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले तेही याच रीतीने. त्याच वर्षी 'साधना'त राजा ढाले यांचा लेख आला. दलित स्त्रीच्या विटंबनेला इथे काय किंमत आहे, हा त्यांचा प्रश्न होता. गदारोळ झाला तो राष्ट्रध्वजाच्या अपमानावर. प्रश्न बाजूला पडला.

आता सर्वांत अवघड उदाहरण. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृतदेह झाडाला लटकलेला आढळला. बातम्यांतून 'प्रेमप्रकरण' हा शब्द पुढे आला, जात मागे गेली. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका मराठा मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपी दलित होते. त्या मुलीचे दुःख माझ्या बहिणीचे दुःख आहे, त्यात मी किंतु ठेवत नाही. पण त्या वेळी आरोपींची जात हीच बातमी झाली आणि त्यानंतर निघालेल्या मोर्चांतून ॲट्रॉसिटी कायद्यात बदलाची मागणी पुढे आली. दोन्ही खटले अहमदनगरच्या न्यायालयात चालले. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी खर्ड्याचे सारे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले होते. २९ नोव्हेंबरला कोपर्डीच्या तिघांना फाशी सुनावली गेली. अंतर सहा दिवसांचे. एका खटल्याकडे सबंध महाराष्ट्राचे डोळे लागले होते. दुसऱ्यात साक्षीदार एकेक करून फिरत होते, तेव्हा ते डोळे कुठे होते? कोपर्डीला मिळालेले लक्ष कमी व्हावे असे माझे म्हणणे नाही. तेवढेच लक्ष खर्ड्याला का मिळाले नाही, एवढेच विचारतो.

याचे उत्तर केवळ संपादकाच्या मनात शोधून भागणार नाही. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. जाहिरातीच्या कमिशनवर त्याची गुजराण चालते, आणि जाहिरात येते पुढाऱ्याच्या वाढदिवसाची, साखर कारखान्याची, शिक्षणसंस्थेची. ज्यांच्याकडे जमीन, कारखाना आणि शाळा, त्यांच्याकडेच जाहिरात. बातमी मिळते ती पोलीस ठाण्यातून. वस्तीत जाण्याला त्याच्याजवळ ना वेळ असतो, ना ओळख. अशा व्यवस्थेत वाईट माणूस नसला तरी बातमी वाकडीच निघणार.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. बातमी वाचताना चार प्रश्न विचारण्याची सवय लावा. यातला पहिला शब्द कोणाचा, ठाण्याचा की वस्तीचा? जात कोणाची सांगितली आणि कोणाची लपवली? मेलेल्या माणसाच्या चारित्र्याची चर्चा का चालली आहे? आणि साक्षीच्या दिवशी हा वार्ताहर न्यायालयात होता काय? यापुढे जाऊन प्रत्येक तालुक्यात एक वही ठेवा. घटनेची तारीख, फिर्याद, लावलेली कलमे, साक्षीच्या तारखा, निकाल, सारे तिच्यात लिहा. फितुरी अंधारात होते. दर तारखेला दहा माणसे न्यायालयात बसली, तर निदान त्या साक्षीदाराला आपण एकटे नाही हे कळेल.

जगाच्या बातम्यांवर आपण जरूर बोलू. पण मिनियापोलिससाठी मेणबत्ती लावणाऱ्याने जामखेडच्या न्यायाची तारीखही पाठ ठेवली पाहिजे. मुक्ता साळवेने १८५५ साली आपले दुःख दुसऱ्या कोणी लिहील म्हणून वाट पाहिली नाही. आपणही पाहू नये.