आरोग्य-तंत्रज्ञान स्टार्टअप : नियमन आणि वाढ

निदानाची उपकरणे, चाचणी-संच, दूरवैद्यक सेवा आणि आरोग्यविषयक संगणक-प्रणाली तयार करणारे नवे उद्योग. महाराष्ट्रात त्यांची वाढ मुख्यतः पुणे आणि मुंबई-ठाणे परिसरात झाली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातून उभे राहिलेले व्हेंचर सेंटर आणि मुंबईत आयआयटीमध्ये 2014 साली सुरू झालेले वैद्यकीय उपकरणांचे ‘बेटिक’ केंद्र ही त्यांची प्रमुख पाठबळे. छातीतले आवाज मोठे करून मोबाइलवर ऐकवणारा, नोंदवणारा डिजिटल स्टेथोस्कोप ‘बेटिक’मधूनच पुढे आला. मार्च 2020 मध्ये पुण्याच्या मायलॅबने कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीचा पहिला भारतीय संच मंजूर करून घेतला. त्या कामाचे नेतृत्व विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांनी केले होते.

नियमन मात्र बरेच उशिरा आले. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले, तरी बहुतेक उपकरणे तेव्हा त्यांच्या कक्षेबाहेरच राहिली. फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने सर्व उपकरणे, आणि त्यांसोबत निदान-उपचारासाठीचे सॉफ्टवेअरही, औषधाच्या व्याख्येत आणले. धोक्यानुसार ‘ए’ ते ‘डी’ असे चार वर्ग आहेत. कमी धोक्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ वर्गांतील उत्पादनाचा परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते, तर ‘सी’ आणि ‘डी’चा केंद्रीय औषध नियंत्रक. निर्जंतुक किंवा मापनाची नसलेली ‘ए’ वर्गातील उपकरणे वगळता पहिल्या दोन वर्गांना ऑक्टोबर 2022 पासून आणि उरलेल्या दोन वर्गांना ऑक्टोबर 2023 पासून परवाना सक्तीचा झाला. कागदपत्रे आणि चाचण्यांचा खर्च लहान उद्योगाला जड जातो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय चाचणी-सुविधा वाढवण्याचा आहे, परवान्यात सूट देण्याचा नव्हे.

दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे 25 मार्च 2020 रोजी आली. सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मंचाला रुग्णाला औषध लिहून देता येत नाही. रुग्णाच्या माहितीचे संरक्षण 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाखाली येते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा 2018 चा. त्याचे अंतिम नियम रखडले.

या सगळ्याची खरी परीक्षा रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात होते. 2011 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या 16,15,069 होती, म्हणजे 2001 पेक्षाही कमी. कमावती माणसे मुंबईला, घरी म्हातारी माणसे, आणि वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. जिल्ह्यातल्या डेरवणला 2015 पासून खाजगी, तर रत्नागिरी शहरात 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी मंडणगड किंवा राजापूरच्या आतल्या वाडीहून तज्ज्ञापर्यंतची वाट लांबच. ई-संजीवनीसारखी सरकारी दूरवैद्यक सेवा आणि आशाताईंच्या हातातले रक्तदाबयंत्र यांची गरज इथे शहरापेक्षा अधिक आहे. पुण्या-मुंबईत मंजूर झालेले यंत्र पावसाळी दमटपणात आणि वीज-नेटवर्क गेल्यावर कसे चालते, हे पाहूनच सरकारी खरेदी व्हायला हवी. यंत्राने दाखवलेला आकडा चुकीचा असेल, तर तो पडताळून पाहण्याची दुसरी सोय वाडीत नसते.