साष्टीची आडवी वाट

साष्टी बेटाचा नकाशा समोर पसरला, तर प्रथम दृष्टीस पडतात त्या लोहमार्गाच्या दोन उभ्या रेषा. पश्चिमेकडील रेषा वांद्र्यावरून अंधेरी, बोरिवलीकडे जाते. पूर्वेकडील कुर्ला, घाटकोपर, मुलुंड घेत ठाण्यास पोंचते. दोहोंच्या मध्यें उत्तरेस कान्हेरीचे डोंगर आणि विहार, तुळशी, पवई हे तलाव. अंधेरी व घाटकोपर ह्यांमधलें अंतर पक्ष्याच्या वाटेनें अडीच कोसांचें. तथापि आगगाडीचा उतारू अंधेरीहून दक्षिणेस दादरपर्यंत जाई आणि तेथें गाडी बदलून पुन्हां उत्तरेस घाटकोपर गांठी. परसांतल्या विहिरीवर जाण्यासाठीं वेशीला वळसा घालावा, तसाच हा प्रकार. तो इतकीं वर्षें कां चालला, ह्याचें उत्तर भूगोलापेक्षां जमाखर्चाच्या वहींत अधिक सांपडतें.

साष्टीला मुंबईशीं जोडणारा पहिला बांध शीव व कुर्ला ह्यांमध्यें गव्हर्नर जोनाथन डंकन ह्यांच्या कारकीर्दींत घातला गेला व १८०५ सालीं पुरा झाला. त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांस टोल द्यावा लागे. माहीम व वांद्रें ह्यांमधल्या खाडींत मात्र नावाच चालत, आणि पावसाळ्यांत त्या उलटून माणसें बुडत. तेथें बांध हवा ह्याविषयीं दुमत नव्हतें. पैसा कोणीं घालावा एवढेंच ठरत नव्हतें. कंपनी सरकारनें हात आंखडला. शेवटीं सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पत्नी आवाबाई ह्यांनीं दीड लक्षांहून अधिक रुपये आपल्या पदरचे दिले. कामाचा प्रथमचा अंदाज ह्याहून कमी होता; खर्च वाढला तरी बाईंनीं माघार घेतली नाहीं. त्यांची अट एकच होती : ह्या बांधावर सरकारनें टोल घेऊं नये. १८४५ सालीं बांध खुला झाला. दिलेल्या रकमेपेक्षां ही अटच मोठी म्हटली पाहिजे. कारण टोलाचा पैसा शेटसावकारास जड नसतो, डोक्यावर पाटी घेऊन बाजारास निघालेल्या कोळणीला तो जड असतो.

आगगाडीच्या भांडवलाची गोष्ट निराळी. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत एकवीस मैल गाडी धांवली, ती साष्टीच्या रहिवाशांच्या सोयीसाठीं नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे डोळे घाटावरील कापसाकडे लागले होते. तिच्या भागीदारांना शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी होती. उत्पन्न तेवढें न झालें, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरून निघे. पश्चिमेकडील बी. बी. अँड सी. आय. कंपनी १८६४ सालीं गुजराथेकडून मुंबईस आली. दोन्ही मार्गांना माल हवा होता, बंदर हवें होतें. दोन्ही दक्षिणेकडे वळले. वाटेवरच्या गांवांना लाभ झाला तो ओघानें. १८६७ सालीं विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली, आणि १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. चाकरमान्यांनीं बिऱ्हाडें तिकडे हलविलीं. उभी वाट आपला खर्च भागवूं शकत होती. आडव्या वाटेला वाली नव्हता.

वाली नसण्याचें दुसरें कारण राज्यकारभारांत होतें. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. वांद्रें, पार्ले-अंधेरी, कुर्ला, घाटकोपर ह्यांच्या नगरपालिका वेगवेगळ्या. आपल्या हद्दींतलीं गटारें व दिवे सांभाळतांनाच त्यांचा जीव मेटाकुटीस येई. शेजारणीच्या हद्दींतून जाणाऱ्या रस्त्यास कोण पैसा देणार?

ह्या काळांत एक प्रयत्न मात्र झाला, आणि तो आज बहुतेकांच्या स्मरणांतून गेला आहे. मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टशीं करार करून जी. आय. पी. कंपनीनें १९२८ सालीं तुर्भ्यापासून कुर्ल्यावरून थेट अंधेरीपर्यंत गाडी चालविली. अंतर अवघें तेरा किलोमीटर. साष्टीच्या अंगावर आडवा पडलेला हा पहिला लोहमार्ग! परंतु मधला मुलूख भातखांचरांचा, वस्ती विरळ. सहा वर्षांनीं, १९३४ सालीं, तो बंद झाला. कुर्ल्याहून मानखुर्दाकडे जाणारा भाग टिकला. अंधेरीकडील रूळ गेले आणि त्या बाजूच्या भूमीवर पुढें सांताक्रूझचा विमानतळ पसरला. हा मार्ग वीसपंचवीस वर्षें तोटा सोसून जगविला असता, तर फाळणीनंतर जी वस्ती उसळली तिला तो आयता मिळाला असता. पण ताळेबंद वर्षाचा असतो, शहराचें वय शतकांचें; दोहोंचा मेळ घालण्याचें धैर्य त्या वेळीं कोणीं दाखविलें नाहीं.

१९४८ सालीं मोडक व मेयर ह्यांनीं बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. १९५० व १९५७ सालीं महानगरपालिकेची हद्द वाढून दहिसर व मुलुंडपर्यंत पोंचली. आतां तिजोरी एक झाली, तरी वाट झाली नाहीं. कारण आराखड्यावरील रेघ कोरी राहत नाहीं, तिच्यावर माणसें घरें बांधतात. जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते २००२ सालीं जागतिक बँकेच्या कर्जाच्या योजनेंत आले. रस्त्यांत येणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनावरून २००६ सालीं बँकेनें कांहीं काळ पैसा रोखला. विलंबाची ओरड पुष्कळ झाली. परंतु ज्यांचीं घरें मोडावयाचीं त्यांची व्यवस्था हाही रस्त्याच्या खर्चाचाच भाग आहे, हें त्या वेळीं मान्य करणें भाग पडलें. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता २०१४ च्या एप्रिलांत खुला झाला.

त्याच वर्षीं ८ जूनला वर्सोव्याहून अंधेरीवरून घाटकोपरास मेट्रो धांवली. मार्ग ११.४ किलोमीटरचा, स्थानकें बारा. रस्त्यानें ज्याला तास-दीड तास लागे, तें अंतर एकवीस मिनिटांवर आलें. अंधेरीच्या कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या घाटकोपरच्या माणसाला रोजचे दोन तास परत मिळाले म्हणावयाचे. परंतु भांडवल सरकारी व खाजगी असें मिश्र होतें, आणि जुना तंटा पुन्हां उभा राहिला. मूळ अंदाज २,३५६ कोटींचा. कंपनीनें खर्च ४,३२१ कोटी सांगितला. करारांत भाडें नऊ ते तेरा रुपये होतें. कंपनीला तें परवडेना. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २०१५ च्या जानेवारींत लांबच्या प्रवासाचें भाडें चाळीस रुपयांवर गेलें. ज्या कामगारासाठीं आडवी वाट मुख्यतः हवी होती, त्याला बसची रांग पुन्हां जवळची वाटूं लागली. सार्वजनिक संस्थेनें अंदाज व भाडें ह्यांचा हिशेब रूळ पडण्यापूर्वींच पक्का करावयास हवा होता.

उत्तरेस डोंगर मात्र अद्याप आडवा आहे. गोरेगांव व मुलुंड ह्यांना जोडणाऱ्या १२.२ किलोमीटरच्या रस्त्यांत राष्ट्रीय उद्यानाखालून ४.७ किलोमीटरांचे जुळे बोगदे योजिले असून त्यांचें भूमिपूजन जुलै २०२४ मध्यें झालें. ते खणून होईपर्यंत मुलुंडच्या माणसाला गोरेगांवास जावयाचें, तर पवईच्या बाजूनें वळसा घालूनच जावें लागेल.