व्याकरणातून पार्सर : यॅकची कुळकथा

नवी संगणकभाषा रचणारा तिचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतील मजकूर वाचून त्यानुसार थेट काम पार पाडणारी आज्ञावली, लिहू लागतो तेव्हा त्याला आरंभीच पार्सरचा निर्णय करावा लागतो. पार्सर हा अक्षरांच्या सलग ओळीतून वाक्यरचना ओळखणारा भाग होय. ‘१ + २ * ३’ यात गुणाकार आधी आणि बेरीज नंतर, हे तोच ठरवतो. तो हाताने लिहावा की भाषेचे व्याकरण एखाद्या साधनाला देऊन तयार करून घ्यावा, हा प्रश्न सर्वसामान्य प्रोग्रामरपुढे आणण्याचे मोठे श्रेय ‘यॅक’ या साधनाला जाते.

त्याचे बीज डोनाल्ड क्नुथ यांच्या १९६५ च्या शोधनिबंधात आहे. मजकूर डावीकडून उजवीकडे, मागे न फिरता वाचत, प्रत्येक टप्प्यावर काय करावे हे आधी रचलेल्या कोष्टकातून ठरवण्याची पद्धत त्यांनी मांडली. परंतु ती कोष्टके तत्कालीन यंत्रांच्या स्मृतीला पेलणारी नव्हती. फ्रँक डीरेमर यांनी १९६९ मध्ये एमआयटीतील प्रबंधात मिळत्याजुळत्या अवस्था एकत्र करून ती आटोपशीर करण्याचा मार्ग दाखवला. पुढे न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांना ‘बी’ या भाषेत एका नव्या तार्किक चिन्हाची भर घालायची होती, तेव्हा सहकारी आल्फ्रेड अहो यांनी त्यांचे लक्ष क्नुथ यांच्या पद्धतीकडे वेधले आणि त्यातून व्याकरण वाचून पार्सर लिहून देणारी आज्ञावली जन्माला आली. अशी साधने पूर्वीही असल्याने तिचे ‘यॅक’ हे नाव ‘आणखी एक कंपायलर-कंपायलर’, म्हणजे भाषांतर करणाऱ्या आज्ञावली घडवणारी आणखी एक आज्ञावली, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. अक्षरांचे टोकन, म्हणजे शब्दवजा तुकडे, पाडून देणारे ‘लेक्स’ हे माइक लेस्क व एरिक श्मिट यांचे साधन तिच्या जोडीला आले, आणि ‘ऑक’सारख्या छोट्या भाषा या मुशीतून निघाल्या.

यॅकचे सर्वांत मोलाचे देणे वेगातले नसून ताकिदीतले मानावे लागेल. एकात एक ‘जर’ असताना ‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’चे, अशी संदिग्धता व्याकरणात राहिली, तर पार्सर तयार होतानाच यॅक ती दाखवून देतो; हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये मात्र ती वर्षानुवर्षे दडून राहू शकते.

मुक्तस्रोत जगात निवडीला परवान्याचे अंगही चिकटले. रॉबर्ट कॉर्बेट यांनी १९८५ च्या सुमारास लिहिलेले ‘बायसन’ हे पार्सर लिहून देणारे साधन रिचर्ड स्टॉलमन यांनी यॅकशी सुसंगत केले. मात्र बायसन आपल्या मजकुराचा मोठा भाग तयार पार्सरमध्ये उतरवत असल्याने त्या पार्सरलाही जीपीएल, म्हणजे त्यावर आधारलेली आज्ञावलीही त्याच अटींवर खुली ठेवायला लावणारा परवाना, लागू होई, आणि ज्यांना तो नको होता त्यांना बायसन टाळावा लागे. १.२४ या आवृत्तीपासून ही अट शिथिल झाली. त्याच कॉर्बेट यांनी ‘बर्कली यॅक’ हा दुसरा अवतार सार्वजनिक मालकीत खुला केला, हे विशेष लक्षणीय आहे.

तरीही अनेक भाषा हस्तलिखित पार्सरकडे वळल्या. कोष्टकाला, अमुक अवस्थेत अमुक टोकन बसत नाही, एवढेच कळते, म्हणून चूक दाखवणारा संदेश त्रोटक राहतो. प्रत्येक रचनेसाठी स्वतंत्र फंक्शन लिहिले, तर आपण कोणत्या रचनेच्या मध्यात आहोत हे त्या फंक्शनला ठाऊक असते. रिओ दि जानेरोत १९९३ मध्ये जन्मलेल्या ‘लुआ’ने आरंभी लेक्स व यॅक वापरले, पण पुढे तिच्या कर्त्यांनी दोन्ही भाग हाताने लिहिले आणि त्यांतून अधिक छोटा, वेगवान आणि सहज स्थलांतर करता येणारा इंटरप्रिटर मिळवला. ‘पायथन’ने मात्र २०२० च्या ३.९ या आवृत्तीत जुना पार्सर बदलतानाही, निराळ्या तत्त्वावरचे असले तरी, साधनच पसंत केले. ‘रुबी’ने ३.३ मध्ये बायसनऐवजी रुबीतच लिहिलेले ‘लरामा’ घेतले आणि ३.४ पासून हस्तलिखित ‘प्रिझम’ हा मुख्य पार्सर केला. यॅकच्या पद्धतीने लिहिलेल्या व्याकरणावरचा जुना पार्सर मात्र त्या आवृत्तीतही पर्याय म्हणून निवडता येतो.