चांद्याचें लोखंड आणि इंग्लंडची 'जॅग्वार'

उंची मोटारीचा इतिहास म्हणजे तिच्या वेगाचा व डौलाचा इतिहास, असा सामान्य समज आहे. परंतु 'जॅग्वार' या इंग्रजी मोटारीचा इतिहास पाहूं गेल्यास त्याच्या मुळाशीं पोलाद आढळतें. आणि त्याचा एक धागा थेट चांद्याच्या अरण्यापर्यंत येऊन पोंचतो.

विल्यम लायन्स यांनीं १९२२ सालीं ब्लॅकपूल येथें एका भागीदारासह मोटारसायकलीला जोडावयाच्या बाजूगाड्यांचा लहानसा कारखाना काढला. पुढें तो कॉव्हेंट्रीस गेला व मोटारी बनवूं लागला. त्याचें 'एस. एस.' हें नांव हिटलरच्या कुप्रसिद्ध पथकामुळें अप्रिय झालें, तेव्हां १९४५ सालीं त्यानें 'जॅग्वार' हें नांव धारण केलें.

युद्ध संपलें, पण इंग्लंडांत पोलादाचा दुष्काळ पडला. जो कारखाना परदेशीं माल विकून डॉलर मिळवील त्यालाच पोलाद पुरेसें मिळावें, असें सरकारचें धोरण ठरलें. लायन्स यांनीं निर्यातीची सविस्तर योजना सरकारपुढें मांडून आपला वाटा मिळविला. युद्धकाळांत आगीवर पहारा करतांना त्यांच्या अभियंत्यांनीं रात्रीं जागून नव्या इंजिनाचे बेत आंखले होते. ३,४४२ घन सेंटिमीटरचें, १६० अश्वशक्तीचें तें इंजिन घेऊन १९५० च्या ऑक्टोबरांत लंडनच्या प्रदर्शनांत 'मार्क सात' अवतरली. 'मार्क सहा' हें नांव बेंटलेनें आधींच घेतलें होतें, म्हणून हा सातवा आंकडा! आंत कातड्याच्या बैठका व अक्रोडाच्या लांकडाचें काम. तरी वेग ताशीं शंभर मैलांच्या वर. अमेरिकेंत तिला मोठी मागणी आली, आणि १९५६ सालीं माँटे कार्लोची खडतर शर्यतही तिनें जिंकली.

याच पोलादाचा ध्यास फार पूर्वीं जमशेटजी टाटा यांनीं घेतला होता. नागपुरास १८७७ सालीं एम्प्रेस मिल चालू केल्यावर थोड्याच वर्षांत, १८८२ सालीं, चांदा जिल्ह्यांतील लोहाऱ्याच्या खनिजाविषयींचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनांत आला. परंतु वरोऱ्याचा कोळसा जर्मनींत तपासला असतां भट्टीस निरुपयोगी ठरला. पुढें खाणींचे नियम सैल झाल्यावर त्यांचे पुत्र दोराबजी व अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड यांनीं चांद्याचें अरण्य पुन्हां तुडविलें. तरी चांद्याचा बेत सोडावाच लागला. शेवटीं मयूरभंजच्या खनिजावर साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, कारखाना उभा राहिला व १९१२ सालीं तेथें पोलाद निघालें.

लायन्स यांची कंपनी मात्र १९६६ नंतर हस्तांतर होत होत प्रथम ब्रिटिश लेलँडकडे, मग फोर्डकडे गेली. आणि जून २००८ मध्यें लँड रोव्हरसह २.३ अब्ज डॉलरांस टाटा मोटर्सनें ती विकत घेतली. २०१३ सालीं पुण्यांत जॅग्वार मोटारींची जोडणीही सुरू झाली.

चांद्याला यांतून काय मिळालें? लोखंड होतें, पण त्याचें पोलाद करण्याची सामग्री जवळ नव्हती. म्हणून भाग्य दुसरीकडे गेलें. जुन्या चांद्यांतून १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोलींत आतां सुरजागडच्या डोंगरांतून खनिज निघत आहे व कोनसरीस कारखाना उभा राहिला आहे. डोंगर एकदांच खणला जातो. त्याच्या मोबदल्यांत अरण्यवासीयांच्या मुलांस विद्या व कारागिरी मिळाली, तरच या वेळीं भाग्य तेथें थांबलें असें म्हणतां येईल.