झिजलेले बेअरिंग : पुण्यातील मोटारदुरुस्तीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

पुण्याच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कारखान्यांच्या अंगाने झालेले आहे. १९४६ साली स्थापन झालेली खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६१ ची भारत फोर्ज ही नावे त्यात क्रमप्राप्तच येतात. पहिलीने पुढे इंजिनांची बेअरिंगे बनविली, दुसरीने क्रँकशाफ्ट घडविले. परंतु हे भाग झिजल्यावर बदलणारी गॅरेजे आणि त्यांना माल पुरविणारी नाना पेठेतील दुकाने यांची नोंद इतिहासात क्वचितच आढळते.

क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर फिरतो. बेअरिंगचा आतला थर हेतुपुरस्सर मऊ धातूचा असतो. तेलातील बारीक कण त्यात रुतावेत आणि झीज व्हायचीच तर शाफ्टऐवजी बेअरिंगची व्हावी, अशी ही योजना. सुरुवातीच्या मोटारींत हा धातू वितळवून जागेवरच ओतीत व हाताने खरवडून बसवीत. पातळ, तयार अर्धगोल बेअरिंगे आल्यावर हे कसब मागे पडले आणि काम गल्लीतील गॅरेजच्या आवाक्यात आले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी हे याचे उत्तम उदाहरण. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, मेन बेअरिंगे तीन. परवाना-राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागू लागला वा खालून ठोके ऐकू आले की इंजिन उघडले जाई. शाफ्टवर ओरखडे असल्यास तो ग्राइंडिंग करून बारीक करावा लागे व त्याच मापाने जाड बेअरिंग घालावे लागे. (बेअरिंग जाड, नाव मात्र ‘अंडरसाइझ’!) १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, तरी येथे इंचाचा हजारावा भागच चालला : दहा, वीस, तीस. ‘तीस’नंतर शाफ्टचे आयुष्य सरत आले असे समजावे.

हा आकडा बेअरिंगच्या पाठीवर ठोकलेला असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अव्वल दर्जाचा पुरावा होय. गाडी किती वेळा वाचविली गेली, हे नोंदणीपुस्तकात सापडत नाही, येथे सापडते. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचा अध्याय २०२३ मध्ये संपला. काढलेली बेअरिंगे मात्र कोणत्याही संग्रहालयात जात नाहीत. ती भंगारात किलोच्या भावाने जातात.